ओकलँडचा संघ म्हणजे फक्त आकडेमोड नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर अमेरिकी बेसबॉलला जागा क्वचितच मिळते. मिळाली तरी ओकलँडच्या ‘अ‍ॅथलेटिक्स’ संघाबद्दल एकच गोष्ट फिरून फिरून छापली जाते: खिशात पैसा नसलेल्या संघाने आकडेवारीच्या जोरावर २००२ साली सलग २० सामने जिंकले. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. २६ सप्टेंबर २०२४ रोजी हा संघ ओकलँडमधला शेवटचा सामना खेळला. ५७ हंगाम एकाच मैदानावर काढलेल्या संघाची आठवण एका हंगामात उरकणे बरे नाही, म्हणून हे पत्र. आमचे म्हणणे असे की, या संघाचे जे प्रसंग लोकांच्या तोंडी राहिले, त्यांतले बरेचसे त्या विचित्र मैदानामुळे, एका हेकट मालकामुळे आणि नियमांतल्या फटींमुळे घडले. आकडेमोड फार उशिरा आली.

आधी मैदानाविषयी. कोलिझियम १९६६ मध्ये उघडले, ते बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल अशा दोन्ही खेळांसाठी. दोन वेगळ्या आकारांचे खेळ एकाच वाटोळ्या जागेत बसवायचे म्हटल्यावर काही जागा फुकट जाणारच. ती गेली पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना क्रमाने गाठायच्या टप्प्यांच्या) बाहेर, फाऊल रेषेपलीकडे, म्हणजे फटक्याच्या हद्दीबाहेर. तिथे प्रेक्षकांची पहिली रांग इतकी मागे होती की, मेजर लीगमधले (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा) सर्वांत मोठे फाऊल क्षेत्र म्हणून हे मैदान ओळखले जाई. क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी सांगायचे तर, बेसबॉलमध्ये फाऊल चेंडूचाही झेल घेतला की बॅटर बाद. इतर मैदानांवर रेषेबाहेर उंच उडालेला चेंडू प्रेक्षकांत पडतो आणि बॅटरला जीवदान मिळते. इथे क्षेत्ररक्षक पळत जाऊन तोच चेंडू आरामात झेलायचा. त्यात रात्री उपसागरावरून येणारी गार, जड हवा. दिवसा कुंपण ओलांडणारा फटका रात्री कुंपणाच्या अलीकडेच खाली यायचा. थोडक्यात, पिचर (चेंडू टाकणारा) खूश, बॅटर हैराण. मैदानाचा तळ समुद्रसपाटीच्या खाली असल्याने सांडपाण्याचा त्रास वेगळाच. जून २०१३ मध्ये घाण पाणी उलटे फिरून दोन्ही संघांच्या खोल्यांत शिरले आणि दोघांना वरच्या मजल्यावरच्या फुटबॉल संघाच्या खोलीत आंघोळी उरकाव्या लागल्या.

अशा मैदानावर पहिलाच मोठा प्रसंग पिचरच्या नावावर लागावा हे ओघानेच आले. संघ फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटी करत १९६८ च्या वसंतात ओकलँडला आला आणि ८ मे रोजी २२ वर्षांच्या कॅटफिश हंटरने मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध ‘परफेक्ट गेम’ टाकला. म्हणजे २७ बॅटर आले, २७ बाद झाले, पहिल्या बेसवर कोणी पोहोचलेच नाही. अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी ओकलँडचा; दुसरा नॅशनल लीग) साखळी सामन्यांत १९२२ नंतर असे प्रथमच घडत होते. सामना ४-० असा सुटला आणि त्या चारांपैकी तीन धावा हंटरच्याच बॅटमधून आल्या. पिचरच्या जागी दुसऱ्याने बॅटिंग करण्याचा नियम अमेरिकन लीगमध्ये १९७३ साली आला, त्यामुळे आता असा दुहेरी पराक्रम जवळपास अशक्यच. पाहायला होते ६,२९८ लोक. त्यानंतर ४२ वर्षांनी, ९ मे २०१० रोजी, याच मैदानावर डॅलस ब्रेडनने टॅम्पा बे रेजविरुद्ध तोच पराक्रम केला, धावसंख्याही तीच ४-०. तो अमेरिकेतला मातृदिन होता. ब्रेडनची आई तो शाळेत असतानाच कर्करोगाने गेली होती आणि त्याला वाढवणारी आजी त्या दिवशी प्रेक्षकांत बसली होती.

सत्तरच्या दशकातला संघ समजून घ्यायचा तर मालक चार्ली फिनलीला टाळता येत नाही. विमा विकून श्रीमंत झालेला हा माणूस. हिरवा, सोनेरी आणि पांढरा गणवेश, पायांत पांढरे बूट, पंचाला नवे चेंडू पुरवणारा यांत्रिक ससा, असली त्याची डोकॅलिटी. १९७२ मध्ये फादर्स डेपर्यंत मिशा वाढवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला त्याने ३०० डॉलर देऊ केले. बेसबॉलमध्ये तेव्हा गुळगुळीत दाढी करण्याची शिस्त होती, त्यामुळे तलवारकट मिशांचा तो संघ परग्रहावरून आल्यासारखा दिसे. पण या तमाशाखाली खेळ अस्सल होता: १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन विश्वमालिका विजेतेपदे (विश्वमालिका म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका). त्या दशकात हे दुसऱ्या कोणाला जमले नाही.

१९७२ च्या मालिकेतला, ओकलँडला झालेला तिसरा सामना आम्ही कोणालाही पुन्हा पाहायला सांगू, आणि तोही ओकलँड हरलेला असताना. आठवा इनिंग. सिनसिनाटी रेड्स १-० ने पुढे. त्यांचे धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, पहिला बेस मोकळा. समोर जॉनी बेंच, त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. काउंट ३-२, म्हणजे आणखी एक चेंडू बाहेर गेला तर बेंचला फुकटचा पहिला बेस, आणि आत पडलेला सोडला तर बाद. ओकलँडचा मॅनेजर डिक विल्यम्स माऊंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला आणि सर्वांना दिसेल असा हात पहिल्या बेसकडे केला: याला मुद्दाम चालत जाऊ द्या. पहिला बेस मोकळा असताना ही नेहमीचीच चाल. कॅचर (यष्टिरक्षकासारखा) जीन टेनस उभा राहिला, बाहेरचा चेंडू घेण्यासाठी हात बाजूला पसरला. बेंचने बॅट सैल सोडली. पिचर रॉली फिंगर्सचा हात फिरला तसा टेनस झपकन खाली बसला आणि स्लायडर (शेवटी वळणारा चेंडू) प्लेटच्या (बॅटरपुढच्या पाटीच्या) बाहेरच्या कडेवरून आत शिरला. स्ट्राइक तीन. बेंच बॅट न हलवता बाद.

ही फसवणूक चालली कारण तेव्हा मुद्दाम दिलेल्या वॉकसाठीही (बॅटरला मिळणाऱ्या फुकटच्या पहिल्या बेससाठीही) चेंडू प्रत्यक्ष टाकावे लागत आणि ३-२ काउंटवर फक्त एकच टाकायचा राहिला होता. ०-० वर हे केले असते तर एक स्ट्राइक मिळाला असता आणि बेंच सावध झाला असता. २०१७ पासून नियम बदलला: मॅनेजरने डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) खूण केली की बॅटर सरळ पहिल्या बेसवर. त्यामुळे ही चाल आता कायमची संपली. वेळ वाचवण्याच्या नादात खेळातली एक लबाडी गेली, याचे आम्हाला वाईट वाटते.

फिनलीचा आणखी एक प्रयोग क्रिकेटवाल्यांना विशेष आवडेल. १९७४ मध्ये त्याने हर्ब वॉशिंग्टन नावाचा धावपटू नेमला, तो फक्त पळण्यासाठी. बॅट हातात घ्यायची नाही, ग्लोव्ह घालायचा नाही. कारकिर्दीत १०५ सामने, ३१ बेस चोऱ्या (पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणे) आणि एकदाही बॅटिंग नाही. कल्पना कागदावर बिनचूक होती, पण शर्यतीत बंदुकीचा आवाज ऐकून सुटणे वेगळे आणि पिचरच्या हालचालीवरून सुटणे वेगळे. विश्वमालिकेच्या दुसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये ओकलँड एका धावेने मागे असताना त्याला पहिल्या बेसवर आणले. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर माइक मार्शल याने आधी हूल दिली, मग झटक्यात वळून पहिल्या बेसवर फेकले. वॉशिंग्टनचे वजन पुढच्या पायावर गेले होते. परतायच्या आत बाद. त्या मालिकेत ओकलँड फक्त तोच एक सामना हरले.

फिनलीच्या चिक्कूपणानेच हा संघ मोडला. १९७३ च्या विश्वमालिकेत दुसऱ्या सामन्यात माइक अँड्र्यूजकडून बाराव्या इनिंगमध्ये दोन चुका झाल्या, तर त्याला दुखापत असल्याच्या कागदावर सही करायला लावून संघाबाहेर काढले. मेजर लीगच्या प्रमुखाने, म्हणजे कमिशनरने, त्याला परत आणवले. पुढच्या वर्षी हंटरच्या करारातले ५० हजार डॉलर ठरल्याप्रमाणे विमा योजनेत भरले नाहीत. लवादाने करारभंग झाल्याचे सांगून हंटरला मोकळे केले आणि तो न्यू यॉर्क यांकीजकडे गेला. बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या आजच्या कोट्यवधींच्या करारांची वाट तिथून सुरू झाली. पुढे एकेक तारा गेला. १७ एप्रिल १९७९ च्या सामन्याला अधिकृत प्रेक्षकसंख्या होती ६५३. मुंबईत कांगा लीगलाही कधी कधी याहून जास्त माणसे जमत असतील.

वानखेडेवर उठणारी लाट आपण ‘मेक्सिकन वेव्ह’ म्हणून ओळखतो, ती १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकामुळे. पण दूरचित्रवाणीवर नोंदली गेलेली पहिली लाट १५ ऑक्टोबर १९८१ ची, कोलिझियमवर यांकीजविरुद्धच्या सामन्यातली. ढोल घेऊन फिरणारा ‘क्रेझी जॉर्ज’ हेंडरसन हा व्यावसायिक चिअरलीडर ती उठवत होता. त्याच्याच सांगण्याप्रमाणे पहिले प्रयत्न काही गॅलऱ्यांपुढे जाऊन विरले. मग जिथे लाट थांबेल त्या लोकांची हुर्यो उडवायची असे त्याने शेजारच्यांना आधीच पढवले, तेव्हा कुठे ती पूर्ण फिरली. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे लोक हा मान आपल्याकडे ओढतात, पण त्यांची तारीख त्याच महिन्याच्या अखेरची आहे.

आणि रिकी हेंडरसन. ओकलँडमध्येच वाढलेला मुलगा, १९७९ मध्ये संघात आला. महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलामुलींना बेस चोरणे माहीत असेल, पण सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये आधीच पुढे सरकून उभे राहता येते आणि सगळा खेळ तिथेच आहे. दोन बेसमध्ये ९० फूट अंतर. १२ फूट लीड घेतला तर उरले ७८. पिचरला हालचाल सुरू करून चेंडू कॅचरपर्यंत पोचवायला साधारण १.३ ते १.४ सेकंद लागतात, चांगल्या कॅचरला तो दुसऱ्या बेसवर पोचवायला सुमारे दोन सेकंद. म्हणजे धावपटूच्या हातात साडेतीन सेकंदांहूनही कमी. यातला एक दशांश सेकंद पायाच्या वेगाने फारसा वाचत नाही, तो सुटण्याच्या क्षणाने वाचतो. उजव्या हाताच्या पिचरची डावी टाच आधी उचलली तर चेंडू प्लेटकडे जाणार, उजवी आधी हलली तर तो तुमच्याकडे वळणार. हेंडरसन ही टाच वाचायचा. शेवटी तो पालथी उडी घेऊन, हात पुढे करून बेस गाठायचा. विमान उतरते तसे जमिनीलगत, उंचावरून नव्हे. उंचावरून आदळले तर वेगही मरतो आणि खांदाही जातो.

१९८२ मध्ये त्याने १३० बेस चोरले. आधुनिक बेसबॉलमधला तो विक्रम आजही उभा आहे. त्याच हंगामात तो ४२ वेळा पकडलाही गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. पुढच्या पिढीतल्या ओकलँडच्याच हिशेबनीसांनी तोटा-फायदा मांडून अशी धावाधाव बंद करायला लावली असती. पण रिकी पहिल्या बेसवर आला की पिचर घाईने फेकू लागायचा, पाय पुरता न उचलता. मग चेंडूत जोर राहायचा नाही आणि पुढच्या बॅटरचे फावायचे. हे पकडल्याच्या रकान्यात दिसत नाही. १ मे १९९१ रोजी यांकीजविरुद्ध चौथ्या इनिंगमध्ये तिसरा बेस चोरून त्याने लू ब्रॉकचा ९३८ चा विक्रम मोडला. बेस उपटून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, ब्रॉक शेजारी उभा असताना माईक घेऊन आपणच सर्वश्रेष्ठ असल्याचे जाहीर केले. नेमकी त्याच रात्री टेक्ससमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने सातवा नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, न देता संपवलेला सामना) टाकला आणि दुसऱ्या दिवशीचे मथळे वाटले गेले. हेंडरसनचा शेवटचा आकडा १,४०६. तो २० डिसेंबर २०२४ ला गेला, संघ शहर सोडून गेल्यावर तीन महिन्यांच्या आत.

१९८८ च्या विश्वमालिकेत डॉजर्सच्या लंगड्या कर्क गिब्सनने ओकलँडचा पिचर एकर्स्लीला नवव्या इनिंगमध्ये मारलेला होमरन (कुंपणापलीकडचा फटका) अमेरिकेत अजून दाखवतात, तेव्हा त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. १९८९ ची मालिका शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी होती. १७ ऑक्टोबरला, तिसरा सामना सुरू होण्याच्या तोंडावर, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. ओकलँडमधला सायप्रस हा दुमजली महामार्ग कोसळून ४२ माणसे गेली. सामन्यामुळे लोक लवकर घरी गेले होते, रस्ता नेहमीपेक्षा रिकामा होता, नाहीतर आकडा कितीतरी वाढला असता असे तेव्हा सर्वांनीच म्हटले. दहा दिवसांनी मालिका पुन्हा सुरू झाली, ओकलँडने ४-० ने जिंकली. ओकलँडचाच डेव्ह स्टुअर्ट सर्वोत्तम ठरला. शॅम्पेन मात्र उडाली नाही. पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, हंगामभरात २९ लाखांवर प्रेक्षक आले. जे शहर ६५३ माणसे पाठवू शकते तेच २९ लाखही पाठवते. मधला फरक मालकाचा असतो.

मैदानाचा पुरता विचका झाला तो १९९५-९६ मध्ये. फुटबॉल संघाला परत बोलावण्यासाठी मध्य मैदानामागे अवाढव्य गॅलरी उभारली आणि ओकलँडच्या टेकड्यांचे दृश्य बुजले. लोक तिला तत्कालीन फुटबॉल मालकाच्या नावावरून ‘माऊंट डेव्हिस’ म्हणत, प्रेमाने नव्हे.

१३ ऑक्टोबर २००१ चा सामना ओकलँडकरांना आजही बोचतो. बाद फेरीतल्या पाच सामन्यांच्या मालिकेत यांकीजवर २-० ची आघाडी. तिसऱ्या सामन्यात ओकलँडचा पिचर बॅरी झिटोने आठ इनिंगमध्ये फक्त दोन हिट दिले, त्यातला एक होमरन, म्हणून यांकीज १-० ने पुढे. सातव्या इनिंगमध्ये दोन बाद, पहिल्या बेसवर जेरेमी जिआंबी. टेरेन्स लाँगचा फटका उजव्या रेषेलगत कोपऱ्यात गेला. तिथून आलेली फेक मधल्या दोन्ही क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून निघून गेली. चेंडू पहिल्या बेसच्या रेषेलगत घरंगळत होता, आणि जिथे शॉर्टस्टॉपचे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाचे) काहीच काम नसते तिथे यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर धावत आला, चेंडू उचलला आणि उजव्या हाताने आडवा, खालून, कॅचरकडे ढकलला. कॅचर पोसाडाने वळून चेंडू जिआंबीच्या पायाला लावून (टॅग करून) त्याला बाद केले. जिआंबी घसरला नाही, उभ्याने पळत आला. घसरला असता तर टॅग वरून गेला असता की नाही, यावर अजून वाद आहे. आमचे मत: सुटला असता. ओकलँड ०-१ हरले, मग मालिकाही २-३. २००० ते २००३ अशी चार वर्षे हा संघ पहिल्याच फेरीत पाचव्या सामन्यात बाद झाला.

आता २००२. आकडेवारीची गोष्ट सांगताना स्कॉट हॅटेबर्गचे नाव येते, कारण कोपराची नस बिघडलेल्या या कॅचरला पहिल्या बेसवर उभे करून संघाने त्याची वॉक मिळवण्याची चिकाटी विकत घेतली. बरोबर. पण त्या वर्षीच्या १०३ विजयांपैकी ५७ झिटो, मल्डर आणि हडसन या तीन पिचरांचे होते, आणि शॉर्टस्टॉप मिगेल तेहादा त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे चौघे काही कोणी भंगारातून शोधलेले नव्हते. १८ वा आणि १९ वा विजयही तेहादाच्याच शेवटच्या फटक्यावर आला.

४ सप्टेंबरचा विसावा सामना तर कुठल्याच हिशेबात बसणारा नव्हता. कॅन्सस सिटीविरुद्ध तीन इनिंगनंतर ११-०. चौथ्यात पाच धावा दिल्या, आठव्यात आणखी पाच, नवव्यात दोन बाद असताना बरोबरी: ११-११. ५५,५२८ लोक गप्प. मग बाकावरून उठवलेल्या हॅटेबर्गने एका चेंडूनंतर कॅन्सस सिटीचा पिचर ग्रिम्सलीला उजव्या-मध्य कुंपणापलीकडे मारले. त्या जड रात्रीच्या हवेतही चेंडू पोचला. १२-११. अमेरिकन लीगचा तो विक्रम २०१७ मध्ये क्लीव्हलंडने २२ विजयांनी मोडला.

जाण्याची कहाणी लांब आहे. फ्रीमाँट, जिथे आज भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथे नवे मैदान बांधण्याची योजना २००६ मध्ये जाहीर झाली आणि २००९ मध्ये गुंडाळली. सॅन होजेला जायंट्सच्या हद्दीचा हक्क आडवा आला. ओकलँडच्या बंदराजवळची जागाही हुकली. १३ जून २०२३ ला प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार केला: एरवी मालकाच्या निषेधार्थ न येणारे २७,७५९ जण ‘विका’ असे छापलेले हिरवे शर्ट घालून आले, संघाने टॅम्पाला २-१ ने हरवले. मालकाने संघ विकला नाही. शेवटच्या सामन्याला ४६,८८९ लोक होते, टेक्ससविरुद्ध ३-२ असा विजय मिळाला, आणि नंतर मॅनेजर मार्क कॉटसेने मैदानावर उभे राहून प्रेक्षकांचे आभार मानले.

एक विनंती. २०२५ पासून हा संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या सुमारे १४ हजार प्रेक्षकांच्या लहान मैदानावर खेळतो आणि २०२८ मध्ये लास व्हेगासला जाण्याचा बेत आहे. मधल्या काळात संघाच्या अधिकृत नावात कुठलेच शहर नाही. तेव्हा निकाल छापताना ‘ओकलँड अ‍ॅथलेटिक्स’ किंवा ‘सॅक्रामेंटो अ‍ॅथलेटिक्स’ असे न लिहिता नुसते ‘अ‍ॅथलेटिक्स’ लिहावे. २०२४ पर्यंतच्या नोंदींत मात्र ओकलँड कायम ठेवावे.

आपले,
सॅन फ्रान्सिस्को बे परिसरातील काही मराठी वाचक